असू दे, आधाराला

गाव कोणतं ते सांगत नाही. सेलू म्हटलं तर सेलूचे डॉक्टर रुसतील, देवळी म्हटलं तर देवळीचे; आणि हिंगणघाट म्हटलं तर तिथून पाच-सहा जणांचे तरी फोन येतील, "माझ्यावर लिहिलं काय भाऊ तुम्ही?" वर्धा जिल्ह्याचे तालुके आठ, आणि आठही तालुक्यांत हे डॉक्टर आहेत. वय साठीच्या पलीकडे. अंगात खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दवाखाना मेन रोडवर. शेजारी मेडिकल, वर घर, समोर निंबाखाली सिमेंटची बाकडी. दारावर नाव, डिग्री, वेळ, आणि हल्ली क्यूआर कोडचे दोन कागद. एक फी द्यायचा. दुसरा कशाचा हे विचारलं तर कंपाउंडर म्हणतो, "तो साहेबाईले विचारा."

पाहण्यासारखं असतं ते त्यांचं टेबल. पवनारला नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये उत्खनन केलं तेव्हा एकाखाली एक थर निघत गेले. या टेबलाचं तसंच आहे. सगळ्यात खाली काच, काचेखाली विनोबांचा फोटो आणि कधीकाळच्या औषध कंपनीचं कॅलेंडर. काचेवर लाल कापडी बांधणीचं रजिस्टर. रजिस्टरावर कीबोर्ड, कीबोर्डला टेकून टॅब, टॅबवर मोबाइल, आणि मोबाइल उडून जाऊ नये म्हणून की काय, त्याच्यावर पुन्हा एक वही. पेशंटच्या आणि डॉक्टरांच्या मधून ही डोंगररांग अशी गेली आहे की बुटक्या माणसाला जीभ दाखवायला उभं राहावं लागतं. डॉक्टरसाहेब नव्या वस्तूला नाही म्हणत नाहीत. पण जुनीलाही निघ म्हणत नाहीत.

आमचे डॉक्टरसाहेब सेवाग्रामचे. म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबा रुग्णालयाला जोडून जे मेडिकल कॉलेज काढलं, तिथले. प्रवेशपरीक्षेतच गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. मग आश्रमातलं पंधरा दिवसांचं शिबिर, सूतकताई, सफाई, प्रार्थना. बडी बहेनजी, म्हणजे सुशीला नायर, समोरून आल्या की आपला शर्ट खादीचाच आहे ना, हे आधी चाचपायचं. ते सगळं डॉक्टरसाहेबांच्या अंगात इतकं मुरलं आहे की यंत्राची ओढ आणि यंत्राबद्दलचा अपराधीपणा त्यांना एकदमच होतो. 'हिंद स्वराज'मध्ये बापूंनी डॉक्टरांनाही झोडपलं आहे आणि यंत्रांनाही. "म्हणजे मला डबल," असं डॉक्टरसाहेब म्हणतात आणि नवा चार्जर मागवतात. फारच कोणी टोचलं तर त्यांचा हुकमाचा पत्ता ठरलेला आहे. "आश्रमात जाऊन या. व्हाइसरॉय लिनलिथगोने बसवून दिलेला टेलिफोन अजून आहे तिथे. बापूंनी काय फेकून दिला होता?"

या वेडाची सुरुवात मी पाहिली आहे. २००२ च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेतून आलेल्या पुतण्याने काकांना पाम आणून दिला. तळहातावर मावेल एवढा करडा डबा, छोटा पडदा आणि लिहायला टोकदार काडी. तिकडे तरुण डॉक्टर औषधांचे डोस त्यावरच पाहतात, असं पुतण्याने सांगितलं. डॉक्टरसाहेबांचा चेहरा तेव्हा दिवाळीतल्या पोरासारखा झाला. अडचण एकच होती. पामला आपलं नेहमीचं अक्षर कळत नसे. त्याची स्वतःची बाराखडी होती, ग्राफिटी नावाची. इंग्रजी 'ए' काढायचा तो नुसता डोंगर, मधली आडवी दांडी द्यायची नाही. 'टी' म्हणजे एक आडवी रेघ आणि उजवीकडून खाली. ज्या माणसाचं अक्षर पंचवीस वर्षांत शेजारच्या मेडिकलवाल्याखेरीज कोणाला लागलं नाही, जो माणूस बडी बहेनजींच्या धाकानेही सुधारला नाही, तो संध्याकाळी ओपीडी संपल्यावर पाटी गिरवणाऱ्या पोरासारखा जीभ बाहेर काढून डोंगर काढत बसू लागला. वहिनी वरून हाक मारायच्या, "जेवता का?" खालून उत्तर यायचं, "एस पर्यंत आलो."

काडी एकदा हरवली. दोन दिवस शोधाशोध झाली. कंपाउंडर तिने कान कोरताना सापडला.

तरी सहा-सात महिन्यांत डॉक्टरसाहेबांनी त्या डब्यात बरंच काही भरलं. दम्याचे पेशंट, फिटचे पेशंट, कोणाला सल्फा चालत नाही, कोणाला पेनिसिलिन. मग ते भाच्याच्या लग्नाला इंदूरला गेले, तिथून उज्जैनला. पाम राहिला ड्रॉवरमध्ये. त्या यंत्राचा स्वभाव असा होता की बॅटरी पुरती उतरली की पोटातलं सगळं विसरायचं. परत आल्यावर डॉक्टरसाहेबांनी बटण दाबलं तर पडदा कोरा, आणि पाम अगदी पहिल्या भेटीसारखा म्हणाला: वेलकम. कॉम्प्युटरला जोडून त्याची नक्कल काढून ठेवायची असते, हे पुतण्याने सांगितलं होतं. ते काकांनी वहीत लिहूनही ठेवलं होतं. वही शाबूत होती.

त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी काही आरडाओरडा केला नाही. लाल रजिस्टर कपाटातून पुन्हा बाहेर काढलं, धूळ झटकली आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "असू दे, आधाराला." तेव्हापासून हे वाक्य दवाखान्यात दिवसातून वीसदा ऐकू येतं. कॉम्प्युटर आला, तर रजिस्टर असू दे, आधाराला. प्रिंटर आला, तर कार्बन पेपर असू दे, आधाराला. गेल्या उन्हाळ्यात इन्व्हर्टर नवा घेतला. जुना जिन्याखाली आहे, त्याच्यावर मांजर झोपते, तोही आधारालाच.

हौस सोडली तर या सगळ्यामागे थोडी भीतीही आहे, आणि ती रास्त आहे. डॉक्टरही ग्राहक कायद्याखाली येतात, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये दिला, त्या वर्षापासून वर्ध्याच्या डॉक्टरांच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी वकील येऊन "रेकॉर्ड ठेवा, रेकॉर्ड ठेवा" म्हणून जातो. २००२ मध्ये वैद्यक परिषदेची आचारनियमावली आली: दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं सांभाळा, मागितले तर ७२ तासांत द्या, आणि झालंच तर नोंदी कॉम्प्युटरवर घेण्याचा प्रयत्न करा. हे शेवटचं कलम डॉक्टरसाहेबांना तोंडपाठ आहे. नवीन काही विकत घेतलं की वहिनींना ते ऐकवतात.

पण खरी ठिणगी पडली ती सेवाग्रामातच. तिथे कस्तुरबा रुग्णालयात सी-डॅकने तयार केलेली हॉस्पिटलची संगणकप्रणाली आली ती बाकीच्या विदर्भात 'सर्व्हर डाउन' हे शब्द रुळायच्या आधी. डॉक्टरसाहेब एका नातेवाइकाला घेऊन गेले होते. कळकट धोतरातला, सेलूकडचा म्हातारा शेजारच्या खाटेवर. त्याचं रक्त सकाळी काढलं, आणि दुपारी निवासी डॉक्टरने वॉर्डातच बटण दाबून रिपोर्ट पाहिला. कोणी जिना चढलं नाही, कोणी चिठ्ठी आणली नाही. "याच वॉर्डात मी इंटर्न असताना," डॉक्टरसाहेब मला सांगत होते, "एका रिपोर्टसाठी चारदा लॅबमध्ये पळायचो. आणि गावात जायचो तेव्हा घरोघरची ज्वारी मोजायची." ते ज्वारीचं प्रकरण खरं आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आसपासच्या खेड्यांत ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालवला होता. ज्याची जशी ऐपत तशी त्याची ज्वारी, आणि त्यावर घरच्यांचा इलाज. कोणाच्या घरची किती, याची नोंद वहीत. डॉक्टरसाहेबांना अजून वाटतं की ती वही म्हणजेच त्यांनी पाहिलेली पहिली संगणकप्रणाली. फक्त तिला उंदीर लागायचे.

परत आले ते ठरवूनच: आपल्याकडेही सॉफ्टवेअर. ते पुण्याहून आलं, एका पोराबरोबर, जो दोन दिवस राहिला आणि तर्री-पोहे खाऊन आजारी पडला. त्याच्यावर इलाजही इथेच झाला आणि सॉफ्टवेअरमधला पहिला पेशंट म्हणून त्याचीच नोंद आहे. त्यानंतर गाव हळूहळू त्या पडद्यात शिरू लागलं. शिरताना पहिला प्रश्न जन्मतारखेचा. आता आमच्याकडच्या जुन्या माणसाला जन्मतारीख विचारली तर तो "गांधीबाबा गेले त्या वर्षी कपाशी निंदत होतो" इथून सुरू करतो. पण आधार कार्डावर तारीख असतेच, आणि ती बहुतेक वेळा एकच असते. शाळेच्या गुरुजींनी सरसकट १ जुलै टाकून दिलेली. डॉक्टरसाहेबांनी ती इमानेइतबारे भरली. सॉफ्टवेअरवाल्या पोराने मात्र जाताना आपल्याकडून एक भेट म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेसेज सुरू करून ठेवला होता.

१ जुलैला सकाळी आठला तो मेसेज गेला. एकदम तीन-साडेतीनशे जणांना. मराठी उमटत नव्हतं म्हणून इंग्रजीत, खाली डॉक्टरांचं नाव. नऊ वाजता निंबाखाली जत्रा. पेरण्या सोडून माणसं आली होती.

"साहेब, दवाखान्यातून मॅसेज आला. रिपोर्टात काही निघालं काय?"

"काही नाही काकाजी, तुमचा वाढदिवस आहे."

"माह्या?"

"हो."

"कोणं सांगतलं?"

त्यातून एवढं एकच बरं झालं की १ जुलै हा डॉक्टर्स डेही असतो, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावाने. माणसं आपल्यालाच शुभेच्छा द्यायला आली असावीत, असं डॉक्टरसाहेबांना पहिली पाच मिनिटं वाटलं आणि त्यांनी कंपाउंडरला वर्ध्याहून गोरसपाक आणायला पिटाळलंसुद्धा. पुढे सगळ्या वाढदिवसवाल्यांना एकेक वाटला. आता दर वर्षी त्या दिवशी लोक आपणहून येतात. मेसेज बंद झाला आहे, गोरसपाक चालू आहे.

पडदा आल्यापासून त्यांच्या तपासण्यात एक बदल मात्र झाला, आणि तो मला अजून खटकतो. पूर्वी आत शिरलं की ते तोंडाकडे पाहायचे. "काय म्हणता?" असं म्हणेपर्यंत अर्धं निदान झालेलं असायचं, चालण्यावरून, पिवळ्या डोळ्यांवरून, बायकोने नवऱ्याआधी बोलायला सुरुवात केली यावरून. आता आपण आत शिरतो तेव्हा ते उजव्या हाताच्या एका बोटाने तुमचं आडनाव शोधत असतात. त्या बोटाला गुरुत्वाकर्षण वेगळं आहे. ते कीबोर्डवर गरुडासारखं घिरट्या घालतं आणि नेमकं शेजारच्या अक्षरावर पडतं. माणसंही हुशार. पेशंट आता डॉक्टरांकडे नाही, पडद्याकडे तोंड करून बोलतात. "रातभर खोकून राह्यलो जी," असं एक काकाजी मॉनिटरला सांगत होते, आणि "आ करा" म्हटल्यावर त्यांनी आ केला तोही मॉनिटरकडेच. डॉक्टरांनी शेवटी हसत उठून टॉर्च घेतला आणि पलीकडे जाऊन घसा पाहिला. एवढं मात्र कबूल करायला हवं. ते अजून उठतात. पोटावर हात ठेवतात. त्याआधी दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन करतात.

अक्षराचं राहिलंच. २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने नियम सुधारला: औषधाचं मूळ, जेनेरिक नाव लिहा, वाचता येईल असं लिहा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत. मेडिकलवाला हादरला. इतकी वर्षं ते अक्षर फक्त त्यालाच लागायचं, तो त्याचा वतनी हक्क होता. डॉक्टरसाहेबांनी नियम पाळला. पॅरासिटामॉल कॅपिटलमध्ये लिहायला त्यांना एवढा वेळ लागला की पेशंटने विचारलं, "जास्त पॉवरची देऊन राह्यले काय?" अकरा अक्षरं, सुबक, सुटी सुटी. फक्त तिन्ही 'ए' नुसते डोंगर, मधल्या दांडीशिवाय. ड्रॉवरमध्ये मरून पडलेल्या पामने जाता जाता एवढं ठेवून दिलं होतं.

सॉफ्टवेअर असो, टॅब असो, जिल्ह्यातली खरी नोंदप्रणाली मात्र वेगळीच आहे आणि तिला वीज लागत नाही. ती म्हणजे पन्नी. पेशंट पिशवीतून पिशवी काढतो, तिच्यातून पन्नी, तिचं तोंड रबरबँडने बांधलेलं. आत सगळं असतं. सावंगीचा एक्स-रे गुंडाळी करून, सेवाग्रामचं ओपीडी कार्ड, नागपूरच्या स्कॅनचा अहवाल, आर्वीच्या कोण्या वैद्याची पुडी, एलआयसीची पावती, नातवाचा पासपोर्ट फोटो, आणि रेशन कार्डाची झेरॉक्स जी कुठेही लागू शकते. डॉक्टरसाहेब पन्नी हातात घेतात तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो. बोट चालायला लागतं. ते कागद पत्त्यांसारखे पिसतात, तारखेप्रमाणे लावतात, ओला झालेला एक्स-रे खिडकीकडे धरतात, आणि एक-दोन मिनिटांत सांगतात, "आजी, ही बीपीची गोळी तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिली आहे. दोन्ही घेता?"

"एक बसमधी चक्कर येते तवा."

कोणत्याही कॉम्प्युटरने हे सांगितलं असतं असं ते म्हणतात, जर सगळे कागद एका ठिकाणी असते तर. मग कंपाउंडरला त्यातले महत्त्वाचे कागद स्कॅन करायला लावतात. कंपाउंडर स्कॅन करतो, फाइल कॉम्प्युटरमध्ये ठेवतो, एक प्रिंट काढतो आणि ती प्रिंट पन्नीत घालतो. पन्नी दर भेटीला एका कागदाने जाड होते. मी विचारलं, प्रिंट कशाला? दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

आता व्हॉट्सअॅप. डॉक्टरांनी मोबाइल स्वीकारला का, कसा, यावर परिषदा भरतात, पण आमच्याकडे तो प्रश्न व्हॉट्सअॅपने परस्पर सोडवून टाकला. न कुठलं ट्रेनिंग, न पासवर्ड. सकाळी सहाला पहिला फोटो येतो: एक पाय. कोणाचा, कोणत्या गावचा, काही नाही. खाली लिहिलेलं, "साहेब हे पाहा." दहा मिनिटांनी दुसरा फोटो, तोच पाय, आता चप्पल काढून. मग गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो, नेमकं जिथे नाव असतं तिथे अंगठा ठेवून. मधूनच सोयाबीनच्या पानावरच्या अळीचा, कारण डॉक्टर तर डॉक्टरच. डॉक्टरसाहेब चहाबरोबर हे सगळं पाहतात, चष्मा कपाळावर सरकवतात, आणि उत्तर देतात तेही आवाजात, कारण टायपिंगचं ते असं. त्यामुळे गावात दहा-वीस घरी डॉक्टरांचा आवाज साठवलेला आहे: "मीठ कमी करा म्हटलं ना मी? लोणचं बंद. बंद म्हणजे बंद." सुना तो आवाज जेवणाच्या वेळी सासऱ्यांना मोठ्याने लावून ऐकवतात. औषधापेक्षा त्याचा गुण जास्त येतो, असं मला वाटतं.

आणि याच मोबाइलने एका रात्री एक माणूस वाचवला, हे मी जवळून पाहिलं. छातीत कळ आलेला शेतकरी, घामाने शर्ट भिजलेला, रात्रीचे दोन. डॉक्टरांनी ईसीजी काढला, त्या गुलाबी पट्टीचा फोटो नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञ वर्गमित्राला टाकला. पलीकडचा माणूस जागा होता की जागा झाला, कोण जाणे. पट्टी हातातून खाली ठेवली असेल नसेल तोवर उत्तर आलं: काय द्या, किती द्या, लगेच पाठवा. १०८ ची गाडी आली, डॉक्टर तिच्यामागे आपली गाडी काढून निघाले. त्या रात्री 'आधाराला' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही. ईसीजीची पट्टी सकाळी त्यांच्या खिशात चुरगळलेली सापडली, आणि मग अर्थातच रजिस्टरात चिकटवली गेली.

कोरोनात बाहेर पडणंच अवघड झालं. लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, दिल्लीहून टेलिमेडिसिनचे नियम निघाले आणि डॉक्टरसाहेबांना पडद्यावरून तपासण्याचा परवाना मिळाला. त्यांनी तो अशा उत्साहाने वापरला की वहिनींनाही ते वरच्या खोलीत व्हिडिओ कॉल करू लागले. पलीकडून मात्र पेशंटऐवजी पंखा दिसायचा, कधी कपाळाचा वरचा अर्धा भाग, एकदा बराच वेळ बकरी. एका काकाजींच्या पोटात दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, "पोट दाबून पाहायला पाहिजे. घरात कोण आहे?" घरात सून होती. ती सासऱ्याचं पोट दाबणार नाही, हे तिच्या पदराकडे पाहूनच कळत होतं. शेवटी शेजारचा नववीतला पोरगा आला. "उजवीकडे, खाली, अजून खाली. दाब. सोड एकदम." काकाजी ओरडले. पोरगा घाबरून पळाला. डॉक्टर आनंदाने ओरडले, "अपेंडिक्स!" आणि खरंच अपेंडिक्स निघालं. ऑपरेशन झालं, काकाजी धडधाकट आहेत. तो पोरगा आता नीटची तयारी करतो आहे.

दारावरचा दुसरा क्यूआर कोड आभाचा. २०२१ च्या सप्टेंबरात देशभर डिजिटल आरोग्य मिशन सुरू झालं. प्रत्येकाला १४ आकडी नंबर, तोच आभा. डॉक्टरसाहेब हे समजावून सांगतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. कागद त्या त्या दवाखान्यातच राहणार, नंबर फक्त ते जोडून देणार, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय कोणाला दिसणार नाहीत. "म्हणजे तुमची पन्नी," ते म्हणतात, "पण फाटत नाही." योजना चांगली आहे, माझंही तेच मत. फक्त तिच्या दारात ओटीपी उभा असतो.

एक आजी तापाने आल्या होत्या. आधारला जोडलेला नंबर पोराचा. पोरगा बुटीबोरीला कंपनीत, शिफ्टवर, मोबाइल गेटवर जमा. कंपाउंडरने नंबर टाकला, ओटीपी गेला तो बुटीबोरीच्या गेटवरच्या टोपलीत. फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन. तोवर डॉक्टरांनी आजींना तपासून गोळी दिली होती, आजी निंबाखाली जाऊन पडल्या. तासाभराने पोराचा घाबराघुबरा फोन: "साहेब, दोन मॅसेज आले. मायले काय झालं?" ओटीपी केव्हाच शिळा झाला होता. आजी उठून बसल्या, घाम पुसला, म्हणाल्या, "उतरला जी ताप." आणि बस पकडून गेल्या. नंबर काही निघाला नाही.

त्यातल्या त्यात आमच्या डॉक्टरांचं बरं. ते आपल्या मनाने अॅप घेतात, मनाने टाकतात. याच रस्त्यावर पुढे आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टरीण आहे. तिच्या मोबाइलमध्ये क्षयरोगाचं निक्षय, गरोदर बायांचं वेगळं, लसीचं यू-विन, साथीचं आयएचआयपी, बीपी-शुगरचं आणखी एक, आणि या सगळ्यांची रजिस्टरंही कपाटात, कारण तपासणीला येणारे साहेब रजिस्टर मागतात. आशाताईंचं तेच: दिवसा घरं फिरायची, रात्री रेंज शोधत गच्चीवर उभं राहून आकडे भरायचे. 'असू दे, आधाराला' हे जेव्हा एक डॉक्टर म्हणतो तेव्हा गंमत वाटते. सरकारच म्हणायला लागलं की त्या पोरींच्या झोपेतून ते वजा होतं. डॉक्टरसाहेब हे ओळखतात. संध्याकाळी ती आली की कॉफी मागवतात आणि तिचं अडलेलं पोर्टल कंपाउंडरकडून उघडून देतात. कंपाउंडर एव्हाना या सगळ्यात डॉक्टरांच्या कितीतरी पुढे गेला आहे, पण तो ते बोलून दाखवत नाही. त्याला फक्त दहा बोटांनी टाइप करता येतं, आणि डॉक्टर बाहेर गेले की तो तसं करतो.

आता एवढ्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाची स्वतःची नोंद कुठे असेल? वहिनींनी हे शोधून काढलं. टेबलाची काच पुसायला उचलली तर विनोबांच्या फोटोमागे डॉक्टरसाहेबांच्या शुगरचे रिपोर्ट होते, तीन वर्षांचे, घडी घालून, वाढत्या क्रमाने. सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं नावच नाही. "मला माहीत आहे ना माझं," असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी कंपाउंडरला वर बोलावलं. दोघांनी ठरवलं की यांची फाइल करायची, आभा काढायचा, आणि रिपोर्ट सेवाग्रामच्या त्यांच्याच एका ज्युनिअरला दाखवायचे.

भरगच्च ओपीडी. कंपाउंडरने बाहेरच्या टेबलावर गुपचूप आधारचा नंबर टाकला. आत मोबाइल वाजला. दार ढकलून तो आत गेला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, सहा आकडी नंबर आला असंल पाहा. सांगता काय?"

डॉक्टरसाहेबांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला, वर वही ठेवली, वहीवर हात. समोरच्या तिघा पेशंटांकडे वळून, चष्मा सारखा करून म्हणाले, "हे लक्षात ठेवा. कोणीही मागो, अगदी घरचा माणूस मागो, ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो."